गोव्याचा इतिहास: ॲप विकत घ्यायचं की मुलांना मानशीवर (शेताच्या बांधातल्या पाणदारांवर) न्यायचं?

रिवणची बाई:
पालकसभेत ठरत आलंय की गोव्याचा इतिहास शिकवायला तयार ॲप घ्यायचं. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी सहावीला उसगाळीमळला नेलं होतं. कुशावतीच्या काठी जांभ्या कातळावर कोरलेले बैल आणि ते वळणावळणाचं चक्र पाहून एकाने विचारलं, "बाई, हे पोर्तुगिजांनी काढलं?" तोवर त्यांच्या लेखी गोवा 1510 ला, पोर्तुगिजांनी तो घेतला तेव्हा, सुरू होत होता! पडद्यावर हा प्रश्न कुणी विचारला असता का?

म्हापशेकर पालक:
बाई, तुमचं उसगाळीमळ शाळेपासून हाकेवर. आमच्या मुलांचा अर्धा दिवस बसमध्येच जाईल. भाडं कोण देणार? जून ते सप्टेंबर पाऊस, पुढे परीक्षा. ॲपवर तो कातळ निदान दिसेल तरी. आणि दहावीच्या पेपरात त्याला गुण किती, तेही सांगा.

दिवाडकार:
लांब जायचंच कशाला? खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं, असलेल्या कुठल्याही गावात बांधावर मानस असते. भरतीला पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आपोआप उघडतात, आतलं पाणी नदीत जातं. मोटार नाही, वीज नाही. तिथल्या मासळीची पावणी (लिलाव) कशी होते, पैसे कुणाला मिळतात, बांध फुटला तर कोण बांधायचं, हे विचारत गेलात की गांवकरी, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची जुनी पद्धत, आपोआप शिकवून होते. 1526 चा फोराल, म्हणजे पोर्तुगिजांनी लिहून काढलेले गांवकरीचे नियम, मग पाठ करावा लागत नाही. आणि आमच्या बेटावरून फेरीबोटीने नार्व्याला जा. दिवाडचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडल्यावर देव याच वाटेने पलीकडे गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हा धडा बोटीत दहा मिनिटांत होतो.

फोंड्याचा मास्तर:
मानस ठीक. पण आता "आजोबांना विचारून या" हे खूळ सुरू होईल, तेवढं नको. घरातली आठवण म्हणजे इतिहास नव्हे. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल घ्या: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, त्यासाठी फूल आणि दोन पानं या निशाण्या. एका घरात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण हेच खरं, शेजारी दोन पानं म्हणजे गोवा वाचला. मुलं वर्गात तेच बोलणार आणि दुसऱ्या दिवशी पालक माझ्या दारात. पुस्तकात चार ओळी आहेत, त्या सुरक्षित आहेत.

रिवणची बाई:
मास्तर, सुरक्षित आहेत म्हणूनच कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आमच्याच घरात आजोबा फुलाचे, आजी दोन पानांची, चूल एकच. दोन्ही आठवणी फळ्यावर लिहायच्या, शेजारी आकडे मांडायचे: फूल 1,38,170, दोन पानं 1,72,191. आठवण आणि पुरावा यात फरक काय, हे मुलांना तिथेच कळतं. पालक दारात येतील हे मान्य. माझ्याकडे दोनदा येऊन गेले, चहा पिऊन.

फोंड्याचा मास्तर:
तुमच्या गावात चहा मिळतो. आमच्याकडे थेट वरपर्यंत तक्रार जाते.

म्हापशेकर पालक:
तो वाद तुम्ही दोघं मिटवा. ॲपला माझा पाठिंबा अजून आहेच, पण मानशीला बस लागणार नाही. दिवाडकार, दारं उघडताना पाहायची तर शनिवारी ओहोटी किती वाजता? शाळा साडेबाराला सुटते.