मदत हवी आहे : टायर कॅरिअरचा हात खाली बसतोय, लॅच लागत नाही (सातारा)

घाटवेडा_११
मंडळी, जरा पटकन सांगा. मागचा बंपर नवीन बनवून घेतलाय, त्यावर स्टेपनीसाठी बाजूला उघडणारा हात. हात रिकामा असला की लॅच टकदिशी लागतो. टायर चढवला की टोक बोटभर खाली येतं आणि हूक लॅचच्या खालच्या कडेवर आपटतो. फॅब्रिकेटर म्हणतो, लॅचचं भोक खाली वाढवून देतो, विषय संपला. मला ते पटत नाही. रविवारी बामणोलीकडे जायचंय, त्याच्या आत झालं पाहिजे. बिजागरीची पिन जाड करू का? हो किंवा नाही एवढंच सांगा.

डिझेलभक्त
गाडी कुठली?

कृष्णाकाठ
थारला स्टेपनी दारावरच असते की. बंपरवर कशाला उतरवली? मोठा टायर असेल तर दाराच्या बिजागऱ्यांना जोड देणारं ब्रॅकेट तयार मिळतं. ते लावा आणि मोकळे व्हा. उगाच बंपर केलात.

वाईकर_काका
गाडी नाही, टायरची साईज नाही, पत्रा किती जाड ते नाही, बिजागरीत बेअरिंग आहे का नुसता बुश (पिनेभोवतीची साधी नळी) तेही नाही. आणि उत्तर हो-नाहीत पाहिजे. नाडी न बघता औषध कोण देणार? फोटो टाका.

घाटवेडा_११
थार नाही हो! इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप. विभागाचं नावच 'पिकअप' आहे म्हणून वेगळं लिहिलं नाही. टायर २६५/७० आर १७, लोखंडी रिम. हा टायर हौद्याखाली मूळ जागी नीट बसत नाही, कसाबसा बसवला तर लोंबतो आणि दगडाला घासतो, म्हणून हा सगळा खटाटोप. पत्रा ४ मिमी. बिजागरीत २५ची पिन आणि बुश. फोटो रात्री टाकतो, गाडी अजून वर्कशॉपलाच आहे.

मिरजेचा_मिस्त्री
बुश आहे म्हणालात तिथेच कळलं. बुश काढून फेका. ३०२०५ नंबरचे दोन टेपर रोलर बेअरिंग घ्या, आतून २५, बाहेरून ५२. लेथवर हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायचं घर, काढून घ्या. एक वर, एक खाली, तोंडं एकमेकांच्या उलट. वर नट आणि कॉटर पिन, खाली ऑइल सील, मध्ये ग्रीस निपल. नट आवळून झोल (ढिलेपणा) शून्य करता येतो, बुशात ते कधीच जमत नाही. कुपवाड एमआयडीसीत एका दिवसात काम होतं. गाडी आणायची गरज नाही, हात आणि पिन डिकीत टाकून या.

डिझेलभक्त
डिकी नसते हो पिकअपला. आणि गनमेटलचा बुश नीट रीमर मारून बसवला तर काही होत नाही. उसाच्या ट्रॉल्यांची फाळकी बघा, कुठल्या फाळक्याला टेपर बेअरिंग असतं? साधा उपाय सांगतो. लॅचच्या बाजूला बंपरवर नायलॉनचा उतरता ठोकळा बसवा. हात बंद होताना त्यावर चढतो आणि वजन ठोकळ्यावर जातं. मग बिजागरी कसली का असेना.

मिरजेचा_मिस्त्री
फाळक्यावर कोणी टायर टांगत नाही साहेब.

राजधानी_४१५
कोणीच सांगत नाही म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्रीय परिवहन मंत्रालयानेही डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड, बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. आधी आरटीओत विचारा, मग पिन जाड-बारीक करा.

कृष्णाकाठ
ते पत्र बुलबारसाठी, म्हणजे पुढच्या बाजूसाठी होतं. इथे मागचा बंपर चाललाय.

राजधानी_४१५
कलम ५२ ला पुढचं-मागचं नसतं. आणि टायरमागे नंबर प्लेट आणि टेललॅम्प झाकले तर तो वेगळा विषय. तिथे तर वाद घालायलाही जागा नाही.

घाटवेडा_११
प्लेट हातावर बाहेर घेतलीय, तिला लाईटही दिलाय. टेललॅम्प दोन्ही मोकळे आहेत. कायद्यासाठी वेगळा धागा काढा ना राव. माझा लॅच लागत नाहीये.

स्पॅनरवाली
पिन जाड करू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये अर्धं उत्तर दिलंय आणि कोणाचं तिकडे लक्ष गेलेलं नाही. हात रिकामा असताना लॅच बरोबर लागतो. बुशात झोल असता तर रिकामा हातसुद्धा स्वतःच्या वजनाने तेवढाच खाली आला असता. झोल जेवढा आहे तेवढाच असतो, वजन वाढलं म्हणून तो वाढत नाही. टायर चढवल्यावरच टोक खाली येतंय, म्हणजे काहीतरी लवतंय. तो हात असेल, पिन असेल, नाहीतर पिन ज्यावर उभी आहे तो पत्रा असेल. माझा संशय पत्र्यावर आहे.

हिशोब करून बघा. टायर आणि रिम मिळून ३५ किलो धरा, टायरचा मध्य पिनेपासून ७५ सेंमी. बिजागरीची उंची १५ सेंमी असेल तर पिनेच्या वरच्या टोकाला पावणेदोनशे किलोची ओढ आणि खालच्या टोकाला तेवढाच उलटा रेटा. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जाईल. एवढा पिळा ४ मिमीच्या एकट्या पत्र्याने पेलायचा म्हणजे तो लवणारच.

दोन माणसं लागतील. टायर चढवा, हात अर्धवट उघडा. एकाने टोक धरून वर-खाली करायचं, दुसऱ्याने सांध्यांवर बोट ठेवायचं. आधी हाउसिंग आणि पिन, मग पिन आणि बंपर, मग ब्रॅकेट आणि चॅसी. डोळ्याला न दिसणारी हालचालही बोटाला कळते. आणि खाली वाकून बघा : पिनेचं बूड फक्त वरच्या पत्र्याला वेल्ड केलंय का खालच्या पत्र्यापर्यंत गेलंय?

मिरजेचा_मिस्त्री
ताईंचं गणित बरोबर असेल, पण बेअरिंग लावलंच पाहिजे.

नवाकोरा_पिकअपवाला
मध्येच विचारतो. २६५/७० घातल्यावर ॲव्हरेज किती पडतं? आणि टायर एटी (ऑल टेरेन) घ्यावा का एमटी (चिखलाचा, मड टेरेन)?

वाईकर_काका
वेगळा धागा काढा. आणि बामणोलीला जाणार असाल तर सप्टेंबरात शनिवार-रविवारी कासला पठार बघायचं ऑनलाइन आरक्षण लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

घाटवेडा_११
मी पठार बघायला नाही चाललो काका, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर चाललोय. असो. वर्कशॉपला जाऊन आलो. ताई म्हणतात तसंच आहे. पिन फक्त वरच्या पत्र्यावर उभी आहे, आत पोकळ. मी टोक दाबलं तर पोरगा म्हणाला, "दादा, बंपरचा कोपराच हलतोय." हाउसिंगवर बोट ठेवलं तर तिथे काहीच लागत नाही. चॅसीच्या ब्रॅकेटलाही हालचाल नाही. फॅब्रिकेटरला दाखवलं तर म्हणतो, खालून एक पट्टी मारतो.

स्पॅनरवाली
नुसती पट्टी नको. पिनेच्या जागी जाड भिंतीची सीमलेस नळी वरच्या आणि खालच्या दोन्ही पत्र्यांतून आरपार न्या आणि दोन्हीकडे गोल वेल्ड घ्या. मग त्या नळीपासून चॅसीच्या ब्रॅकेटपर्यंत आत ६ किंवा ८ मिमीची उभी प्लेट. पिळा पत्र्यात न राहता चॅसीपर्यंत गेला पाहिजे. बंपरची मागची बाजू उघडी असेल तर निदान त्या कोपऱ्यात ती बंद करा, बंद पेटी पिळाला फार चांगली उभी राहते. बंपर गाडीवरून उतरवूनच वेल्ड करा. उतरवायचा नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि वेल्डिंग मशीनची अर्थची तार वेल्डच्या जवळच लावा.

नायलॉनचा ठोकळाही लावा, तो सल्ला चुकीचा नव्हता. कच्च्या रस्त्यावर बंद हाताचं वजन दोन्ही टोकांना वाटलं गेलंच पाहिजे. पण कोपरा घट्ट झाल्यावर. आत्ता लावलात तर लॅच लागेल, आणि दुखणं तेवढं झाकलं जाईल. हात उघडला की पत्रा परत लवणार, आणि रोज लवणारा पत्रा वेल्डच्या कडेला तडकतो.

डिझेलभक्त
मी म्हणतच होतो ठोकळा लावा.

कृष्णाकाठ
बिजागरी कुठल्या बाजूला आहे? उजवीकडे असेल तर रस्त्याकडेला उभं राहून हात उघडताना तो ट्रॅफिकमध्ये जाईल.

घाटवेडा_११
डावीकडेच आहे. पण हात नव्वद अंशांवर थांबतो आणि फाळका पूर्ण पडत नाही, टायरला अडतो.

स्पॅनरवाली
मग आता नळी बदलताय तेव्हाच स्टॉपर मागे घ्या, निदान १२० अंश उघडू द्या. आणि उघड्या स्थितीत अडकवायला पिनेचं भोक पाडा. उतारावर गाडी उभी असली की हात आपोआप बंद होतो आणि नडगीवर बसतो.

मिरजेचा_मिस्त्री
नळी बदलताच आहात तर बेअरिंगचं हाउसिंगच करून घ्या ना. एकदाच खर्च.

घाटवेडा_११
बेअरिंग पुढच्या वेळी. नळी आणि प्लेट उद्या होतेय, ठोकळा शनिवारी. फॅब्रिकेटर तोंड वाकडं करतोय पण तयार झालाय. टायर चढवून लॅचचा फोटो टाकतो. आणि ॲव्हरेज विचारणाऱ्या भावा, एटी घे.