उतारवयात परदेशात घर घ्यायचं, पण कुठे? तुमचे अनुभव लिहा

मी ६३, हे ६७. न्यू जर्सीत एडिसनच्या या घरात २६ वर्षं झाली. वर चार बेडरूम, खाली स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि शॉवर नसलेलं छोटंसं बाथरूम. गेल्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना ह्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. अडीच महिने जेवणाचं टेबल भिंतीला लावून तिथे कॉट टाकली होती. ह्यांचं अंग पुसून देताना रोज मनात यायचं, हे घर आपण मुलांच्या शाळा बघून घेतलं होतं. आता कशावरून निवडायचं?

प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ११ हजार डॉलरच्या वर गेलाय. त्या बाबतीत न्यू जर्सी देशात सगळ्यात महाग राज्यांपैकी आहे. लेक सिॲटलला, मुलगा शिकागोला. पुण्याला परत जायचं का, यावर आमचं बोलून झालंय. नातवंडं इथे आहेत, आम्ही इथेच राहणार. तो विषय इथे नको, एवढी विनंती. ज्यांनी साठीच्या आसपास घर घेतलं, बदललं किंवा घेऊन पस्तावले, त्यांनी लिहा. घर बघताना काय विचारायचं राहून गेलं, ते जरूर लिहा. अमेरिकेबाहेरच्यांनीही लिहा.

मनरो, न्यू जर्सी

ताई, आम्ही तुमच्यापासून फार लांब नाही. ५५ वर्षांवरच्यांच्या वसाहतीत २०१६ साली घर घेतलं. एकमजली घर, बर्फ रहिवाशांची असोसिएशन काढते. संध्याकाळी फिरायला निघालं की वाटेत चार मराठी घरं लागतात. भारत सोडल्यापासून इतक्या मैत्रिणी मला पहिल्यांदाच मिळाल्या.

एक गोष्ट मात्र आम्ही आधी वाचली नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा वसाहतीत राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून मोठं लागतं. बाकीचे नियम वसाहत आपापले करते. आमच्याकडे लहान मुलांना वर्षातून मोजके दिवसच राहता येतं. मुलाची नोकरी गेली तेव्हा तो, सून आणि सहा वर्षांची नात आमच्याकडे यायला निघाले होते. आणि नातीला आमच्या घरात ठेवता येईना. शेवटी जवळच अपार्टमेंट घेऊन दिलं, आठ महिने भाडं आम्ही भरलं. नियमांची जाडजूड फाइल असते. सही करण्याआधी मागून घ्या आणि पानन् पान वाचा.

टँपाजवळ, फ्लोरिडा

राज्याचा आयकर नाही, थंडी नाही, समुद्र दिसतो. एवढ्यावर आम्ही २०२० मध्ये किनाऱ्याजवळ एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, घेतला. तेव्हा आम्ही दोघंही ६४ चे.

२०२१ च्या जूनमध्ये मायामीजवळ सर्फसाइडला १२ मजली इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला : तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या काँडो इमारतींची तपासणी करायची आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी बाजूला ठेवायचा. कायदा योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या इमारतीने वर्षानुवर्षं निधी साठवलाच नव्हता. तो सगळा भार एकदम आला. आमच्या वाट्याला ३८ हजार डॉलर, शिवाय महिन्याची फी दीडपट. घर घेताना मी स्वयंपाकघराचे ओटे बघितले, गॅलरीतून सूर्यास्त बघितला. असोसिएशनच्या खात्यात किती पैसे आहेत, हे विचारलं नाही.

२०२२ च्याच सप्टेंबरात इयन वादळ आलं. आधीचा अंदाज आमच्या बाजूचा होता, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि देव एका पिशवीत घालून ऑरलँडोला गेलो. ऐनवेळी वादळ दक्षिणेकडे फोर्ट मायर्सच्या बाजूला वळलं. आमच्याकडे उलट झालं, वाऱ्याने खाडीचं पाणी ओढून नेलं आणि तळ उघडा पडला. आम्ही वाचलो. पण त्या रात्री मोटेलात बसून ठरवलं, पंचाहत्तरीला ही धावपळ झेपणार नाही.

आता आत, ४० मैलांवर एकमजली घर घेतलंय. घेण्याआधी पुराचा नकाशा बघितला. इथे घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत, तो विमा वेगळा काढावा लागतो, आणि केंद्राच्या योजनेतून घेतला तर बहुतेक वेळा ३० दिवसांनी लागू होतो. वादळ येतंय म्हटल्यावर धावून उपयोग नसतो. फ्लोरिडा सोडायचा विचार मात्र आला नाही. जानेवारीत ह्यांचे गुडघे दुखत नाहीत, आमच्यासाठी ते फार आहे.

केरी, नॉर्थ कॅरोलायना

मी ३१ वर्षं नर्स होते, म्हणून एवढंच लिहिते. मेडिकेअर म्हणजे ६५ नंतरचा इथला सरकारी आरोग्य विमा. त्यातल्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या, म्हणजे खाजगी कंपन्यांच्या, योजना काउंटीप्रमाणे (जिल्ह्याप्रमाणे) असतात. गाव बदललं की योजना आणि डॉक्टर दोन्ही बदलू शकतात. मूळ मेडिकेअर देशभर चालतं. आणि आंघोळ घालायला, भरवायला रोज माणूस लागला तर त्या दीर्घकाळच्या खर्चाला मेडिकेअर पैसे देत नाही. घराची किंमत ठरवताना तो पैसा बाजूला ठेवा. खाली एक झोपायची खोली आणि उंबरठा नसलेला शॉवर, यात तडजोड करू नका.

फॉल्सम, कॅलिफोर्निया

आमचं फ्रीमाँटचं घर १९९८ चं. प्रपोझिशन १३ या राज्याच्या कायद्यामुळे घराचं करासाठी धरलेलं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं, त्यामुळे आमचा टॅक्स शेजारच्या नव्या कुटुंबाच्या पावही नव्हता. तो हातचा जाईल या भीतीने आम्ही जिने चढत राहिलो. प्रपोझिशन १९ हा नवा कायदा आल्यावर, एप्रिल २०२१ पासून, ५५ च्या वरच्यांना ते जुनं मूल्य राज्यात कुठेही नेता येतं, तीनदा. जुनं घर विकल्यापासून दोन वर्षांत नवं घ्यायचं. नवं महाग असेल तर वरचा फरक मूल्यात मिळवतात. अर्ज मात्र आपणच करायचा असतो.

वणव्यांमुळे टेकडीच्या बाजूला घराचा विमा मिळणं कठीण झालंय. आम्ही आधी विम्याचा आकडा काढला, मग बोली लावली.

वेंब्ली, लंडन

आम्ही बंगलो घेतला. म्हणजे आपला बंगला नव्हे, इथे जिना नसलेल्या बैठ्या घराला तसं म्हणतात. ज्येष्ठांसाठीचे फ्लॅट बघितले होते, पण ते लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतेच आपले, वर दरसालचा सर्व्हिस चार्ज. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तिथे पोचायला सोपं, ज्येष्ठांच्या पासवर बस फुकट. मी ७० व्या वर्षी गाडी सोडली आणि काही अडलं नाही.

फ्रिस्को, टेक्सस

माझं वय ७१. आमचे हे गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, माझ्याजवळ घर घे. त्याच्यापासून दहा मिनिटांवर घेतलं. टॅक्स भारी आहे, पण ६५ नंतर त्यातला शाळांसाठीचा टॅक्स गोठतो, म्हणजे वाढत नाही, तेवढा आधार. दोन वर्षांत मुलाची बदली बॉस्टनला झाली. त्याचा दोष नाही, पोटामागे जावं लागतं. मला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. प्लेनोपर्यंत ट्रेन येते, फ्रिस्कोला येत नाही. देवळात जायचं तर कुणीतरी न्यावं लागतं. घर बघताना मी एकच बघितलं, मुलाच्या घरापासून अंतर किती.

एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. केरीला जानेवारी-फेब्रुवारी दोन महिने घर भाड्याने घेतलंय, गाडी न काढता दिवस कसा जातो ते बघायचं आहे. मनरोच्या ताई, ती नियमांची फाइल तिथली घरं बघण्याआधीच मागवून घेते.

फ्रिस्कोच्या काकू, तुमचं वाचल्यापासून मन लागत नाही. तुम्ही बॉस्टनला जाणार का?

फ्रिस्को, टेक्सस

मुलगा बोलावतो गं. त्याच्या घरी रिकामी खोलीही आहे. पण समोरच्या घरातली तेलुगू मुलगी मंगळवारी तिच्या बाळाला माझ्याकडे ठेवते आणि शनिवारी मला भाजीला नेते. तिला माझी साबुदाण्याची खिचडी आवडते, मी तिच्याकडून पेसरट्टू शिकले. मार्चमध्ये मला रात्री चक्कर आली तेव्हा मी आधी तिला फोन केला, मग मुलाला. आता घराची एक किल्ली तिच्याकडे असते.