कुतूहल ही खाज आहे की भूक?

सांदीकोपरा: काल रात्री शब्दकोड्यात एक चौकट राहिली. तीन अक्षरी शब्द, पहिलं-शेवटचं हाती, मधलं गायब. एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी उत्तर सापडलं तर आनंद वगैरे काही नाही, नुसतं 'सुटलो बुवा'. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये हेच मांडलं होतं: जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावंसं वाटतं, त्यांच्यातली फट बोचते आणि ती बुजवायला आपण धडपडतो. म्हणजे कुतूहल ही खाज. तिला उगाच सद्गुणांच्या पंगतीत बसवलंय. हाणा आता.

पोरीची_आई: साफ असहमत. खाज सुटावी म्हणून कुणी खाजकुयली शोधत फिरतं का? आमची चार वर्षांची कार्टी फिरते. रिकामा डबा दिसला की झाकण काढायलाच हवं!

माकडउद्योगी: +१. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांना कडी-कोयंड्याचं कोडं दिलं होतं, निष्कर्ष १९५० मध्ये छापले. ना खाऊ, ना शिक्षा. माकडं आपली उघडत बसली. पुढे त्यात बेदाणा ठेवला, तर उलट चुका वाढल्या! यात बोचणारी फट कुठली? हा निव्वळ खेळ.

सांदीकोपरा: बंद कडी हीच फट. आणि मजेसाठी कुणी शॉक खातं का? ख्रिस्तोफर शी आणि बोवेन रुआन यांचा २०१६ चा प्रयोग बघा. समोर पेनं, त्यातली काही दाबली की झटका. कुठल्या पेनात झटका आहे हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनीच जास्त पेनं दाबून पाहिली.

माकडउद्योगी: बंद कडीसुद्धा फट म्हटल्यावर जगात फट नसलेलं उरलं काय? सगळ्याला लागू पडणारा सिद्धान्त काहीच सांगत नाही. तरी एक मुद्दा तुला फुकट देतो. २००९ च्या एका अभ्यासात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. उत्तराची पक्की खात्री असली किंवा गंधही नसला तर कुतूहल कमी, अर्धवट अंदाज असला की सर्वाधिक. ही झाली तुझी फट. पण कुतूहल वाढलं तेव्हा मेंदूत कुठला भाग जागा झाला? बक्षिसाची वाट पाहताना जो होतो, त्यातलाच एक. खाजेला कुणी बक्षीस मानत नाही.

निवृत्त_मास्तर: व्याकरणाला विचारा की. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, बुभुक्षा खाण्याची, जिज्ञासा जाणण्याची. तिन्ही एकाच साच्यातून निघालेल्या. म्हणजे भूकच. (अवांतर: शेजाऱ्याकडे कोण आलंय हे दाराच्या फटीतून बघणं म्हणजे जिज्ञासा नव्हे, भोचकपणा. आमच्या सोसायटीत मुबलक.)

सांदीकोपरा: मास्तर, घसा कोरडा पडतो तेव्हा मजा येते का? पिपासा माझ्याच बाजूची.

पोरीची_आई: पण जेवायच्या आधी मुद्दाम भूक राखून ठेवतोच ना आपण? पुरणपोळीच्या दिवशी सकाळी कोण पोहे खातं? खाज कुणी अशी राखून ठेवत नाही.

सांदीकोपरा: हं. हा मुद्दा जड आहे. उद्या बोलतो.

माकडउद्योगी: ते राहू दे. तो शब्द कुठला होता?

सांदीकोपरा: पहिलं 'क', शेवटचं 'ळ'. झोपा आता.