मदत हवी आहे: डिलिव्हरीवर असताना अपघात दिसला, तर मुलांनी नेमकं काय करावं?

कुर्ला-घाटकोपर भागात बाइकवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी एक पानाच्या सूचना लिहायच्या आहेत. मुलं थांबायला तयार असतात, पण अडतात ती रक्त, हेल्मेट आणि पोलीस या तिन्हींपाशी. जवळ काय सामान ठेवावं आणि हातातल्या ऑर्डरचं काय करावं, तेही सांगा.

प्रथमोपचार_सायन:
आधी स्वतःची बाइक कडेला लावून चारही इंडिकेटर किंवा मोबाइलचा टॉर्च चालू ठेवा. मागून येणारा डंपर कुणासाठी थांबत नाही. मग १०८ किंवा ११२. पत्ता सांगताना दिशा सांगाच: 'ईस्टर्न एक्स्प्रेस, विक्रोळी, ठाण्याकडे जाणारी बाजू'. दुभाजकाच्या पलीकडे आलेल्या ॲम्ब्युलन्सला पुढचा यू-टर्न गाठून परत यावं लागतं, त्यात मोलाची मिनिटं जातात.

रक्त वाहत असेल तर हातमोजे घालून जखमेवर गॉज किंवा स्वच्छ कापड ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी सरळ दाबा, किमान १० मिनिटं. थांबलं का हे बघायला मध्येच कापड उचललं की धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा आणि आणखी जोरात दाबा. हळद, चहा पावडर काही नको. पाणीही पाजू नका. शुद्ध कमी असेल तर ते श्वासनलिकेत जातं.

हेल्मेट काढायचं नाही, फक्त काच वर करा. श्वासच चालत नसेल तरच काढा, तेही दोघांनी: एकाने मान आणि हनुवटी स्थिर धरायची, दुसऱ्याने अलगद ओढायचं. प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबा.

कायदा_दादर:
मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आणि २०२० चे नियम मदत करणाऱ्याच्या बाजूने आहेत. नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती नाही. पोलीस किंवा रुग्णालय थांबवून ठेवू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्यानेच ठरवायचं. मात्र धडक आपल्याच बाइकची असेल तर हे संरक्षण लागू नाही. तेव्हा कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पानावर ही ओळ ठळक छापा.

प्रश्नकर्ता:
ॲम्ब्युलन्सला उशीर होत असेल तर रिक्षात घालायचं का?

प्रथमोपचार_सायन:
मान दुखत असेल, पाय बधिर असतील किंवा माणूस बेशुद्ध असेल तर शक्यतो हलवू नका. आग किंवा रहदारीचा धोका असेल तर तिघा-चौघांनी डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून उचला. दोघांच्या मध्ये बसवून बाइकवर तर कधीच नेऊ नका. त्यात मणक्याची इजा वाढू शकते. हातापायाची साधी जखम असेल, माणूस बोलत असेल, तर रिक्षा चालेल. फक्त दाब सुटू देऊ नका.

सामान: हातमोज्यांच्या २ जोड्या, गॉजची ५-६ पाकिटं, १० सेंमी रुंदीचे २ बँडेज रोल, त्रिकोणी पट्टी, बोथट टोकाची कात्री. हे झिप पिशवीत ठेवा, पावसाळ्यात उघडं पाकीट निरुपयोगी होतं. डिक्कीतल्या उष्णतेने हातमोजे ठिसूळ होतात, म्हणून ते अधूनमधून बदला.

रायडर_मुलुंड:
ऑर्डरसाठी ॲपवर मेसेज टाईप करत बसू नका. १०८ ला फोन झाला आणि जखमेवर दुसऱ्या कुणाचा हात आला, की सपोर्टला कॉल करून ऑर्डर दुसऱ्याकडे द्यायला सांगा. ग्राहकाला एका ओळीत कळवा. जागेचा एक फोटो वेळेसकट ठेवा, पण त्यात जखमीचा चेहरा नको.