क्यूओएस लावूनही मीटिंग अडकते, त्यावर
लातूरच्या दादांनी लिहिलंय की राउटरमधलं क्यूओएस (कुठल्या कामाला आधी इंटरनेट द्यायचं ते ठरवणारी सोय) चालू केलं तरी पोरांनी यूट्यूब लावलं की ऑनलाइन मीटिंग अडकतेच. अहो, नुसतं चालू करून भागत नाही, त्यात लाइनचा वेग भरावा लागतो. आधी केबल लावून वेग मोजा, मग अपलोड-डाउनलोड दोन्हीकडं त्याच्या 85-90 टक्केच टाका. पूर्ण आकडा टाकला तर डेटाची रांग राउटरऐवजी इंटरनेट कंपनीच्या यंत्रात लागते, आणि तिथं तुमचं प्राधान्य कोण विचारतो?

राउटरमध्ये आहातच, तर वायफायच्या सिक्युरिटीत डब्ल्यूपीए2-एईएस हा पर्याय ठेवा. टीकेआयपी हा जुना पर्याय निवडलं तर वायफाय 54 एमबीपीएसच्या वर जात नाही. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) मात्र बंदच करा. त्याचा 8 आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळं फार तर 11,000 प्रयत्नांत सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांकडं तेवढा वेळ असतोच!