मदत हवी आहे: शुगरच्या गोळीसोबत सप्तरंगीचा काढा चालतो का?

बाबा ६४ वर्षांचे, राहतात देवरुखजवळच्या गावी. मधुमेहाला अकरा वर्षं झाली. सकाळी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ होता. दिवाळीनंतर शेजारच्या काकांनी सप्तरंगीच्या मुळीचे तुकडे आणून दिले. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून अर्धा कप. आता ७.१. बाबा खूश, काकांचा भाव वधारलाय. शिवाय परसातला गुडमारचा पाला चावून वर साखर खायची, "बघ, वाळूसारखी लागते", हा प्रयोग घरी येणाऱ्या प्रत्येकाला करावा लागतो.

मंगळवारी न्याहारीला उशीर झाला. अकराच्या सुमारास घाम, हातांना कंप, बोलणं अडखळतंय. आईने मशीनवर पाहिलं तर ५६. दोन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी जेमतेम ६१. पुन्हा दिली, तेव्हा कुठे हळूहळू चढली.

डॉक्टरांना काढ्याचा पत्ताच नाही ("ते ओरडतील"). बाबा म्हणतात, काढा ठेवू, गोळीच बंद करू. काय करू?

प्रतिसाद १:
काढा बिनकामाचा नाही, घोळ तिथेच आहे. सप्तरंगी आतड्यात पिष्ट आणि साखर फोडणारी विकरं अडवते. व्होग्लिबोजच्या गोळीचं कामही तेच. एवढ्याने शुगर सहसा इतकी पडत नाही. पण ग्लिमेपिराइड पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावतं. त्यात घरची साखर फुटायलाच वेळ लागत असेल तर ती चढणार कशी? ग्लुकोज फोडावं लागत नाही, म्हणून त्याची पावडर हाताशी ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

गोळी मनाने बंद नको. मुळी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, मशीनमधले आकडे दाखवा. कमी करायची ती कोणती, ते ठरवतील. क्रिएटिनिनही तपासून घ्या, मूत्रपिंड मंदावलं की ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो. आणि झाडपाल्यावरच विश्वास असेल तर बाबांना सांगा, मेटफॉर्मिनचा उगमही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडातलाच.

धागाकर्ती:
शनिवारची वेळ घेतली. बाबा यायला तयार आहेत, काढा तोवर बंद. गॅलेगाचं सांगितलं. लगेच विचारतात, "रोप कुठे मिळेल?"