मदत हवी आहे: पॅरिसहून एका दिवसात ज्यूल व्हर्नचं घर

पाटीपेन्सिल
सप्टेंबरअखेर पॅरिसला आठवडाभर मुक्काम आहे. मी, सहावीतली मुलगी आणि आई. भा. रा. भागवतांच्या अनुवादांच्या कृपेने घरात दोन पिढ्या व्हर्नवेड्या, त्यामुळे त्याचं घर बघायचंच आहे. नकाशात आमियाँ आणि नाँत अशी दोन ठिकाणं दिसतात. दिवस एकच मोकळा, बहुधा मंगळवार. कुठे जावं? गाडी कुठून? आईचे गुडघे कुरकुरतात, जिने किती आहेत?

आडवाट
आधी मंगळवार बदला. आमियाँच्या घराचा तोच अडचणीचा वार आहे, हंगामाप्रमाणे अर्धा किंवा अख्खा दिवस बंद. इतर कामाच्या दिवशीही दुपारी जेवणाच्या वेळेला, साधारण साडेबारा ते दोन, दार लावून घेतात. गाडीचं तिकीट काढण्याआधी घराच्या अधिकृत साइटवर त्या आठवड्याचं वेळापत्रक बघाच.

कुठलं निवडायचं, तर आमियाँ. व्हर्न जन्मला नाँतला (१८२८), पण तिथलं संग्रहालय ज्या बंगल्यात आहे तिथे तो कधी राहिला नाही. आमियाँचं घर मात्र त्याचं खरोखरचं राहतं घर, १८८२ ते १९०० एवढा काळ. शिवाय नाँतला जायला पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनाहून टीजीव्ही या वेगवान गाडीने दोन तासांच्या वर लागतात आणि तिथला तो बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती पाहिल्याशिवाय मुलगी परत यायची नाही. तो वेगळा दिवस ठेवा.

आमियाँची गाडी पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनाहून, थेट टीईआर (प्रादेशिक गाडी). सव्वा ते दीड तास धरा. तिकीट गाडीत चढण्याआधीच काढायचं. दोन ठिकाणी लोक फसतात:

१. टीजीव्ही ओत-पिकार्दी. वेगवान गाडी दिसली की बोट तिकडेच जातं, पण हे स्टेशन शेतांच्या मधोमध, आमियाँपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तिकडचे लोक त्याला बीटाचं स्टेशन म्हणून चिडवतात ते उगाच नाही.

२. लाँगो. आमियाँच्या अलीकडचं स्टेशन. शहर आलं असं वाटून उतरू नका. काही गाड्या लाँगोवरच थांबून पुढे निघून जातात, म्हणून तिकिटावर 'आमियाँ' हेच नाव हवं.

स्टेशनाबाहेर समोर वास्तुकार पेरेचा उंच काँक्रीटचा मनोरा दिसेल. डावीकडे वळून बुलवार धरा, पुढे त्याच रस्त्याला ज्यूल व्हर्नचं नाव आहे. रमतगमत पंधरा मिनिटं. कोपऱ्यावर विटांचं घर, गोल मनोरा आणि मनोऱ्याच्या टोकाला धातूच्या कड्यांचा पोकळ गोल. पत्ता: २, र्यू शार्ल द्युब्वा.

खिडकीची जागा
जिन्यांबद्दल. वर जायचा लाकडी जिना त्या मनोऱ्यातूनच गोल गोल जातो. पायऱ्या आतल्या अंगाला निमुळत्या, त्यामुळे चढताना आणि विशेषतः उतरताना बाहेरच्या कडेने, कठडा धरून चालायचं. वरचे मजले आईंना झेपणार नाहीत असं वाटलं तर तळमजला पुरेसा आहे: काचेचं हिवाळी उद्यान, जेवणाची खोली, दिवाणखाना. त्या काळच्या सुखवस्तू घराचा थाट तिथेच दिसतो.

तुम्ही आणि मुलगी मात्र वर जाच. पहिल्या मजल्यावर व्हर्नचा प्रकाशक एत्झेल आणि ती लाल-सोनेरी बांधणीची पुस्तकं. दुसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका हे घराचं मर्म. इतक्या मोठ्या घरात लिहिण्याची खोली केवढीशी! टेबल, पृथ्वीगोल आणि शेजारी साधा लोखंडी पलंग. पहाटे पाचला उठून तो तिथे लिहायला बसे. यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा, बाकी घर तासाभरात होतं. पाट्या मुख्यतः फ्रेंचमध्ये आहेत, फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये फ्रेंच भाषा आधीच उतरवून घ्या.

मुलीला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. ऐंशी दिवसांची फेरी किंवा समुद्राखालचा प्रवास या घरात लिहिलेला नाही, ती पुस्तकं १८७३ पर्यंत छापून झाली होती. या दाराशी घडलं ते वेगळंच: मार्च १८८६ मध्ये मानसिक आजाराने ग्रासलेल्या पुतण्याने व्हर्नवर गोळ्या झाडल्या. एक पायात लागली आणि तो जन्मभर लंगडत राहिला.

पाटीपेन्सिल
बाप रे, हे माहीत नव्हतं. बुधवार ठरवते. समाधीही तिथेच आहे ना?

आडवाट
हो, पण घराजवळ नाही. ला मादलेन दफनभूमी शहराच्या वायव्येला, झाडीत पसरलेली आणि मोठी. चालत नको, बस किंवा टॅक्सी. फाटकावरच्या नकाशाचा फोटो काढून मगच आत शिरा. शिल्पकार आल्बेर रोझ: थडग्याची शिळा पाठीवर पेलत माणूस बाहेर येतोय, हात आकाशाकडे. फोटोत दिसतं त्यापेक्षा जवळून फार जोरकस आहे.

क्रम असा ठेवा: दहाला घर, बाराच्या आत बाहेर, मग कॅथीड्रल (आत बाकं आहेत, आईंना विसावा), सां-लू भागात कालव्याकाठी जेवण. दफनभूमी शेवटी, आणि आई दमल्या असतील तर तीच गाळा.

अधूनमधून
मोठ्या बॅगा गार द्यु नॉरच्या लॉकरमध्ये टाका. त्या जिन्यावर पाठीवर सॅक असली की मागच्याचे हाल होतात. आणि त्या स्टेशनात पाकीट पुढच्या खिशात.